ऑस्ट्रेलियातले जुने पूर्वज शोधताना: आधी सरकारी दाखला, मग चर्च, जहाज सगळ्यात शेवटी

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी घरांत हा प्रसंग आता नेहमीचा झालाय. सून किंवा जावई इथला, नातवंडाला शाळेने वंशवृक्ष करायला सांगितलेला. अर्धा वृक्ष साताऱ्याकडे जातो, अर्धा व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या खाणींकडे. साताऱ्याचा भाग काकांना एक फोन केला की भरतो. दुसऱ्या भागासाठी लोक संगणकावर नाव टाकतात, पहिला जो जॉन दिसेल तो उचलतात आणि दोन दिवसांत इंग्लंडातल्या कुठल्यातरी जमीनदाराच्या वाड्यावर जाऊन पोचतात.

मीही हेच केलं होतं. सुनेच्या खापरपणजोबांच्या वडिलांच्या नावाने तीन दाखले पैसे भरून मागवले. तिन्ही भलत्याच माणसांचे निघाले. नाव तेच, वय जवळपास तेच, माणूस वेगळा. चूक दाखल्यांची नव्हती, मी पायऱ्या उलट्या चढत होते. खालचा क्रम त्यानंतर बसवलेला आहे. उदाहरणासाठी हेच गृहस्थ घेते. नाव देत नाही, व्हिक्टोरियातल्या बॅलरॅट गावाजवळ वारले म्हणून घरात आम्ही त्यांना 'बॅलरॅटकर' म्हणतो.

टप्पा १ : घरातली कागदपत्रं, आणि प्रत्येक माणसाला एक पान

वहीत प्रत्येक माणसासाठी एक पान ठेवा. त्यावर तीनच रकाने आखा: काय कळलं, कोणी सांगितलं, कोणत्या कागदावरून. मधला रकाना लोक हमखास गाळतात आणि पुढे सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

घरात काय शोधायचं? बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानांवर लिहिलेले जन्म आणि लग्नं, अंत्यविधीची छापील कार्डं, फोटोंच्या मागची अक्षरं, जुनी मृत्युपत्रं, थडग्यांचे फोटो. विहीणबाईंच्या कपाटात एक चहाचा डबा असतोच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारताना "पूर्वज कोण होते?" असं विचारू नका. "तुमच्या आजीला कुठे पुरलंय?" असं विचारा. थडगं कुठे आहे ते लोकांना पक्कं आठवतं. त्यातून गाव कळतं आणि स्मशानभूमीचा कोणता भाग तेही कळतं. जुन्या दफनभूमींत अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे), कॅथलिक, वेस्लियन (म्हणजे मेथडिस्ट) असे वेगळे भाग असतात, त्यामुळे पंथाचा धागा इथेच हाती येतो.

आपल्याला सवय तीर्थोपाध्यायांच्या वहीची. नाशिकला गेलं की एका पानावर अख्खं कुळ मिळतं. इथे तसं पान कुठेच नाही. इथल्या नोंदी कुळाच्या नाहीत, घटनेच्या आहेत. एक जन्म, एक लग्न, एक मृत्यू, सुटे सुटे. त्या जोडायचं काम आपलं. त्यात जनगणनेचे घरोघरचे कागद ऑस्ट्रेलियाने बहुतांशी नष्ट केले. न्यू साउथ वेल्सची १८२८ची जनगणना हा मोठा अपवाद. इंग्लंडात एका रांगेत सगळं घर दाखवणारा कागद दर दहा वर्षांनी मिळतो, इथे तो आधार नाही.

*सावधान:* संकेतस्थळांवरचे दुसऱ्यांचे तयार वंशवृक्ष या टप्प्यावर उघडू नका. एकदा चुकीचं नाव डोळ्यांत बसलं की प्रत्येक कागदात तेच दिसायला लागतं.

टप्पा २ : कोणती वसाहत, कोणतं वर्ष

१९०१ पूर्वी ऑस्ट्रेलिया नावाचा एक देश नव्हता, सहा वेगळ्या वसाहती होत्या. प्रत्येकीने सरकारी नोंदणी आपापल्या वेळी सुरू केली. ही वर्षं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा:

टास्मानिया (तेव्हाचं नाव व्हॅन डीमन्स लँड): डिसेंबर १८३८
वेस्टर्न ऑस्ट्रेलिया: सप्टेंबर १८४१
साउथ ऑस्ट्रेलिया: जुलै १८४२
व्हिक्टोरिया: १ जुलै १८५३
न्यू साउथ वेल्स: १ मार्च १८५६
क्वीन्सलंड: १८५९च्या डिसेंबरपर्यंत न्यू साउथ वेल्सचाच भाग, म्हणून १८५६पासूनच
नॉर्दर्न टेरिटरी: १८७०, साउथ ऑस्ट्रेलियाच्या कारभाराखाली

त्या तारखेच्या आधीची घटना असेल तर चर्चची वही. नंतरची असेल तर सरकारी दाखला आणि शिवाय चर्चची वहीही. हे 'शिवाय' लोक विसरतात. सरकारी नोंदणी सुरू झाली म्हणून चर्चने बाप्तिस्मे लिहिणं थांबवलं नव्हतं.

सीमा हलत होत्या. व्हिक्टोरिया १ जुलै १८५१ला वेगळी झाली. त्याआधी तो न्यू साउथ वेल्सचा पोर्ट फिलिप जिल्हा होता. म्हणून मेलबर्नचा १८४५चा बाप्तिस्मा दोन्ही राज्यांच्या सूचींत सापडू शकतो. ती दोन मुलं समजू नका. मोरटन बे म्हणजे पुढचं ब्रिस्बेन, तिथेही तोच प्रकार. मरी नदी ही व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स यांच्यामधली सीमा, तिच्या काठावरची माणसं तर आणखी वेगळी. एचुकात राहणाऱ्या बाईचं बाळंतपण पलीकडे मोआमाला झालं, तर ती नोंद दुसऱ्या वसाहतीत.

*तपासा:* पुढे जाण्याआधी शोधायची घटना अंदाजे कोणत्या वसाहतीत, कोणत्या वर्षी झाली हे एका ओळीत लिहिता येतंय का? येत नसेल तर टप्पा १ अपुरा आहे.

टप्पा ३ : सूचीत शोध, खरेदी नंतर

बहुतेक राज्यांच्या नोंदणी कार्यालयांच्या सूची घरबसल्या फुकट पाहता येतात. टास्मानियाची गोष्ट सर्वांत सुखाची. लायब्ररीज टास्मानियाच्या नावांच्या सूचीत एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींच्या मूळ पानांचे फोटोच फुकट उघडतात. साउथ ऑस्ट्रेलियासाठी जीनिऑलॉजी एसए या संस्थेची सूची वापरा. गोपनीयतेची मुदत राज्यागणिक बदलते. न्यू साउथ वेल्समध्ये जन्म १०० वर्षांनी, लग्न ५० वर्षांनी आणि मृत्यू ३० वर्षांनी खुला होतो.

शोधताना नेमकं स्पेलिंग टाकू नका. लिहिणारा कारकून ऐकून लिहायचा, आणि सांगणाऱ्याला अनेकदा लिहिता येत नसे. रायली चार प्रकारे सापडेल. आयरिश नावाआधीचा 'ओ' कधी असतो, कधी नसतो. मॅकडोनाल्ड 'मॅक', 'एमसी' आणि नुसता 'एम' यांपैकी कशाहीखाली असेल. शंकास्पद अक्षरांच्या जागी ताऱ्याची खूण टाका. चिनी पूर्वज असेल तर 'आह' हे आडनाव म्हणून नोंदवलेलं दिसेल. ते आडनाव नव्हे, हाक मारायची रीत आहे, पण सूचीत शोधायचं मात्र तिथेच. बाळाचं नाव ठरण्याआधी नोंद झाली असेल तर 'नाव नाही' किंवा नुसतं 'मुलगा' असं लिहिलेलं असतं. आडनाव आणि आईबापांची नावं टाकून बाळाच्या नावाचा रकाना मोकळा सोडा.

सूचीतलं वर्ष हे नोंदणीचं असू शकतं, घटनेचं नव्हे. डिसेंबरात जन्मलेलं बाळ पुढच्या वर्षात सापडतं.

न्यू साउथ वेल्सच्या १८५६पूर्वीच्या नोंदींना इंग्रजी 'व्ही' अक्षराने सुरू होणारे क्रमांक असतात. तिथे एकच लग्न दोनदा-तीनदा दिसतं, कारण पाद्री आपल्या वहीची नक्कल वरच्या कार्यालयात पाठवायचा आणि सूचीत मूळ वही आणि नक्कल दोन्ही घेतल्या गेल्या. बाईने तीन लग्नं केली असा निष्कर्ष काढू नका.

*सावधान:* सूची म्हणजे दाखला नव्हे. सूचीत जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट दाखल्यावर असतं. आणि मागवायची वेळ आली की प्रमाणित प्रत मागवू नका, ती पासपोर्टसाठी असते. व्हिक्टोरियात अप्रमाणित प्रतीचा फोटो उतरवून घेता येतो. न्यू साउथ वेल्समध्ये अधिकृत नक्कल करून देणारे लोक आहेत, ते दाखल्यावरचा सगळा मजकूर उतरवून पाठवतात आणि ते स्वस्त पडतं.

टप्पा ४ : पहिला दाखला मृत्यूचा

सगळ्यांना घाई असते जन्माच्या दाखल्याची. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये मात्र आधी मृत्यूचा मागवा. व्हिक्टोरियात विल्यम हेन्री आर्चर यांच्या देखरेखीखाली नोंदणी सुरू झाली आणि रकाने इतके भरगच्च ठेवले गेले की एका मृत्यूच्या दाखल्यात अख्खं आयुष्य मावतं. वय, धंदा, मृत्यूचं कारण, वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं माहेरचं नाव, कुठे पुरलं, कोणत्या पाद्रीने, जन्म कुठे, या वसाहतींत किती वर्षं, लग्न कुठे, कितव्या वर्षी, कोणाशी, आणि मुलांची नावं वयांसकट. वारलेली मुलंसुद्धा.

बॅलरॅटकरांचा दाखला असा होता. मृत्यू १८८९, वय ६८. टास्मानियात ६ वर्षं, व्हिक्टोरियात ३५ वर्षं. लग्न होबार्टला, २९व्या वर्षी. मुलं सात, त्यांतली दोन वारलेली. जन्मस्थान: 'टिपरेरी, आयर्लंड'. गाव नाही. पंथाचा रकाना नव्हता, पण पुरणारा पाद्री कॅथलिक होता.

आता पाटीवर आकडेमोड करा. १८८९ वजा ३५ म्हणजे १८५४, व्हिक्टोरियात आले. त्यातून ६ वजा केले की १८४८, टास्मानियात उतरले. १८८९ वजा ६८ म्हणजे १८२१, जन्म. त्यात २९ मिळवले की १८५०, लग्न. एका कागदातून चार वर्षं. माझे आधीचे तीन जॉन इथेच गळाले. त्यांतला एकही टास्मानियात कधी राहिला नव्हता.

पण ही माहिती मेलेल्या माणसाने दिलेली नाही. दाखल्यावर 'माहिती देणारा' हा रकाना असतो, तो आधी वाचा. सांगणारा मुलगा असेल तर भावंडांची नावं बरोबर, आजी-आजोबांची बहुधा बरोबर. जावई असेल तर सासऱ्याच्या आईचं माहेरचं नाव त्याला कुठून ठाऊक? शेजारी किंवा रुग्णालयातला कारकून असेल तर 'माहीत नाही' याची तयारी ठेवा. बॅलरॅटकरांची माहिती मोठ्या मुलाने दिली होती. आईबापांची नावं मी खरी धरली. वयाखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली.

सगळ्या वसाहतींत हे सुख नाही. टास्मानियाच्या जुन्या मृत्यूनोंदीत आईबापांची नावं नसतात, साउथ ऑस्ट्रेलियाच्या एकोणिसाव्या शतकातल्या दाखल्यांतही नसतात. पूर्वज होबार्टमध्येच वारला असता तर मी अडकले असते. अशा वेळी एक युक्ती कामी येते. त्याचा भाऊ किंवा बहीण व्हिक्टोरियात किंवा सिडनीकडे वारली असेल तर तिचा दाखला काढा. आईबाप तेच. पैसे भावाच्या दाखल्यावर खर्च करायला लोक कुरकुरतात, पण अडलेली गाडी तिथेच सुटते.

*तपासा:* दाखल्यावरची मुलांची नावं तुमच्या घरच्या माहितीशी जुळतात का? निदान दोन जुळली पाहिजेत. एक जुळलं तर तो योगायोग असू शकतो.

टप्पा ५ : लग्न, मग मुलांचे जन्म

लग्नाच्या वेळी माहिती नवरा-नवरीने स्वतः दिलेली असते, म्हणून वयाच्या बाबतीत तिचं वजन जास्त. तरी २१ वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागे, तेव्हा नेमकं '२१' दिसलं की भुवई उंचावा. 'विधुर' आणि 'विधवा' हे शब्दही जसेच्या तसे गिळू नका. पहिली बायको आयर्लंडात जिवंत असलेले विधुर इथे पुष्कळ होते.

होबार्टच्या १८५०च्या लग्नाच्या नोंदीत वर २६ वर्षांचा होता, २९चा नव्हे. म्हणजे जन्म १८२४च्या सुमारास. आईबापांची नावं तिथे नव्हती, टास्मानियाच्या त्या काळच्या रकान्यांत ती नसायचीच. सहीच्या जागी दोघांच्या फुल्या. साक्षीदारांची नावं मात्र उतरवून घ्या. साक्षीदार अनेकदा मेहुणा किंवा त्याच जहाजातला सोबती निघतो.

मग मुलांचे जन्म. मुलांची यादी वयाप्रमाणे लावा आणि मधल्या फटी मोजा. दोन-अडीच वर्षांचं अंतर नेहमीचं. चार वर्षांची फट पडली की तिथे एखादं वारलेलं बाळ, गावबदल किंवा न नोंदवलेला जन्म असतो. लग्नं पाद्रीच नोंदवायचे म्हणून ती फारशी सुटली नाहीत. जन्माची नोंद आईबापांवर सोपवलेली, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ जन्म सुटले.

आणि एक मानवी खोड. पहिलं बाळ लग्नानंतर पाच महिन्यांनी झालं असेल, तर पुढच्या मुलांच्या दाखल्यांवर लग्नाचं वर्ष हळूच एक वर्ष मागे सरकतं. दाखल्यावरच्या वर्षी लग्न सापडलं नाही तर आधी पुढच्या वर्षी बघा.

आदिवासी पूर्वज असतील तर हा टप्पा बऱ्याचदा चालत नाही. त्यांच्या नोंदी तुटक आहेत आणि सरकारी व मिशनच्या कागदांत विखुरलेल्या आहेत. कॅनबेरातली आयॅट्सिस ही आदिवासींविषयीची राष्ट्रीय संस्था आणि कुटुंबं जोडून देणाऱ्या लिंक-अप सेवा यांच्याकडे थेट जा, एकट्याने चाचपडू नका.

टप्पा ६ : चर्चच्या वह्या

आता, आणि आताच, चर्च. आधी पंथ ठरवा, मग वही कुठे आहे ते, मग पान.

*पंथ.* लग्नाच्या दाखल्यावर कोणत्या चर्चच्या विधीने हे लिहिलेलं असतं, नसलं तर पाद्रीचं नाव शोधून पंथ काढता येतो. मात्र फार जुन्या काळात पंथ आणि वही जुळेलच असं नाही. सिडनीत १७८८ला कैदी आणणाऱ्या जहाजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर रेव्हरंड रिचर्ड जॉन्सन आले, ते अँग्लिकन. सरकारमान्य कॅथलिक धर्मगुरू थेरी आणि कॉनॉली यायला १८२० साल उजाडलं. तोवर आयरिश कॅथलिकांचे बहुतेक बाप्तिस्मे आणि लग्नं अँग्लिकन वहीतच लिहिली गेली. पाद्रीच नसलेल्या वस्तीतही तेच. जो पाद्री घोड्यावरून आला त्याच्याकडून लोकांनी बाळाचा बाप्तिस्मा करून घेतला. 'स्थळ: वधूपित्याचे राहते घर' असं असलं म्हणजे चर्चची नोंद नाही असं नव्हे. प्रेस्बिटेरियन आणि वेस्लियन पाद्री घरीच लग्नं लावायचे, नोंद त्यांच्या फिरतीच्या वहीत.

*वही कुठे.* मेथडिस्ट चर्च शोधत फिरू नका, ते आता त्या नावाने नाही. १९७७ साली मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन मिळून युनायटिंग चर्च झालं, वह्या बहुधा त्यांच्या दप्तरात. लुथरनांचं दप्तर अॅडलेडला. अँग्लिकन आणि कॅथलिक वह्या धर्मप्रांताच्या दप्तरात नाहीतर अजून चर्चच्याच कपाटात. पुष्कळ वह्यांच्या मायक्रोफिल्म फॅमिलीसर्च हे वंशशोधाचं संकेतस्थळ, राज्य ग्रंथालयं आणि सिडनीची सोसायटी ऑफ ऑस्ट्रेलियन जीनिऑलॉजिस्ट्स यांच्याकडे आहेत. चर्चला पत्र लिहिताना नाव, वर्ष आणि एकच प्रश्न लिहा. तिथे बसलेली व्यक्ती बहुधा स्वयंसेवक असते.

*पान वाचताना.* कॅथलिक वही लॅटिनमध्ये असू शकते. याकोबुस म्हणजे जेम्स, योआनेस म्हणजे जॉन, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, कारोलुस म्हणजे चार्ल्स. आडनाव मात्र तसंच. तिथे आईचं माहेरचं नाव आणि धर्ममाता-धर्मपिता मिळतात, तर छापील अँग्लिकन वहीत आईचं नुसतं पाळण्यातलं नाव. म्हणून धर्ममातेच्या नावाकडे डोळे उघडे ठेवून बघा, मावशी किंवा आत्या बहुधा तीच. लुथरन वह्या जुन्या जर्मन लिपीत असतात. ते काम जाणकाराकडे द्या, अंदाजाने वाचू नका.

बॅलरॅटकरांचं दुसरं मूल, १८५३चं, होबार्टच्या जन्मनोंदीत नव्हतंच. पहिलं होतं पण नावाविना, नुसती 'मुलगी'. टास्मानियात हे सर्रास दिसतं. दोघांची नावं सापडली बॅलरॅटच्या कॅथलिक वहीत. १८५५मधला एकच दिवस, एकाखाली एक तीन भावंडं: चार वर्षांची, दोन वर्षांचा आणि तीन महिन्यांची. बाप्तिस्म्याची तारीख एक, जन्मतारखा समासात बारीक अक्षरात. बाप्तिस्म्याची तारीख जन्माची म्हणून उतरवली असती तर घरात तिळं जन्माला आली असती.

*सावधान:* नकलेवर थांबू नका. मूळ वहीत समासातल्या नोंदी, फुल्या आणि सह्या असतात, नकलेत त्या गळतात. नक्कल करणाऱ्याने एक ओळ सोडली की एकाचं बाळ दुसऱ्याच्या नावावर चढतं.

*तपासा:* ज्या वर्षांत शोधलं आणि काही मिळालं नाही, तीही लिहून ठेवा. वही, वर्षं, तारीख. सहा महिन्यांनी तीच वही पुन्हा वाचायची वेळ येत नाही.

टप्पा ७ : कैदी होता का?

आता कुठे समुद्राकडे बघायचं. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० कैदी ब्रिटिश सरकारने शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियात पाठवले. न्यू साउथ वेल्समध्ये १८४०पर्यंत, व्हॅन डीमन्स लँडमध्ये १८५३पर्यंत, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १८५० ते १८६८. एकटा तरुण, गरीब आयरिश, १८४८ला टास्मानियात उतरलेला: आधी कैद्यांच्या नोंदी बघाव्यात. नाव बदलल्याचंही ध्यानात ठेवा. व्हॅन डीमन्स लँडचं टास्मानिया झालं १८५६च्या आरंभी, कैदेच्या आठवणी पुसाव्यात हाही एक हेतू होता. म्हणून १८८९च्या दाखल्यावर 'टास्मानिया' असतं आणि १८४८च्या कागदांवर जुनं नाव.

दुवा लग्नाचाच. शिक्षा भोगणाऱ्याला लग्नासाठी सरकारची परवानगी लागायची आणि त्या परवानग्यांच्या वह्या टिकल्या आहेत, होबार्टला आणि न्यू साउथ वेल्सच्या दप्तरातही. त्या वहीत वराच्या नावापुढे जहाजाचं नाव लिहिलेलं असतं. जॉन दहा असतील, पण त्या जहाजाने आलेला आणि त्या बाईशी लग्नाची परवानगी मागणारा एकच. जहाज कळलं की कैद्यांची यादी उघडा. बॅलरॅटकर तिथे होते: वय २४, १८४७मध्ये सात वर्षांची शिक्षा, मेंढी चोरल्याबद्दल. १८४८ला २४ आणि १८५०ला २६, दोन्ही त्यांच्या स्वतःच्या तोंडचं, म्हणून मृत्यूच्या दाखल्यावरचं १८२१ मी खोडलं आणि १८२४ लिहिलं. सात वर्षं भरली १८५४ला, त्याच वर्षी ते व्हिक्टोरियात. सगळं एकमेकांत बसलं. १८४०च्या दशकातल्या या याद्यांत आईबाप, भावंडं आणि मूळ गावही लिहिलेलं सापडतं. टिपरेरीतलं ते गाव मृत्यूच्या दाखल्यावर नव्हतं, इथे मिळालं.

विहीणबाई दोन दिवस गप्प होत्या. मग त्यांनीच मेंढीचा फोटो फ्रिजवर लावला.

कैदी नसेल तर सरकारी मदतीने आलेल्या प्रवाशांच्या याद्या बघा. वय, पंथ, मूळ गाव त्यांत असतं. गाव हातात आल्यावरच आयर्लंड किंवा इंग्लंडातल्या वह्या उघडायच्या. आयर्लंडात सगळ्यांची सरकारी नोंदणी १८६४ची, त्यामुळे १८२४चा जन्म फक्त पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वहीत. कॅथलिक पॅरिशच्या जुन्या वह्यांचे फोटो आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत.

*तपासा:* गाव, वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं नाव या तीनपैकी दोन गोष्टी दोन वेगळ्या कागदांवरून मिळालेल्या असल्याशिवाय समुद्र ओलांडू नका. मधल्या फटी भरायला ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह हे संकेतस्थळ वापरा, जुनी वर्तमानपत्रं तिथे फुकट शोधता येतात. निधनवार्तेत कधी 'आयर्लंडातल्या वर्तमानपत्रांनी कृपया ही बातमी छापावी' अशी ओळ असते, आणि त्यात कधीकधी नेमक्या गावाचं नाव.

टप्पा ८ : वाट मुंबईला वळली तर

हा टप्पा सगळ्यांना लागत नाही. पण दाखल्यावर जन्मस्थान 'ईस्ट इंडीज' असलं तर आपल्यासारखा वाचक दुसरा नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कैद्यांच्या जहाजांवर पहारेकरी म्हणून निवृत्त शिपाई कुटुंबांसह आले. त्यांतल्या अनेकांची नोकरी हिंदुस्थानात झालेली, मुलं तिथल्या छावण्यांत जन्मलेली. या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नकला लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबई इलाख्याच्या 'एन ३' या क्रमांकाखाली. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या 'फिबिस' या संस्थेची सूची फुकट बघता येते.

इथे स्पेलिंगच आडवं येतं. पुण्याच्या खडकीचं 'किरकी' झालेलं असतं, ठाण्याचं 'टाना', अहमदनगरच्या शेवटी 'नग्गर', दापोली 'डापूली'. पर्थमधल्या एका ओळखीच्या कुटुंबाने 'किरकी' स्कॉटलंडात शोधण्यात वर्ष घालवलं होतं, तिथे तशा आवाजाची गावं भरपूर. मला दाखला दाखवला तेव्हा मी नुसतं मोठ्याने वाचलं. गावाचं नाव अडलं की तुम्हीही तेच करा. मोठ्याने वाचा, इंग्रजी ढंगाने नाही, घरी बोलतो तसं.